रंगाखालचे लोखंड

जुन्या वस्तूंच्या बाबतीत माणसांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. वस्तू जुनी झाली, की ती घराबाहेर काढण्याची काहींना घाई होते. तर काहींना ती जुनी झाली म्हणूनच अधिक प्रिय वाटू लागते. पहिल्या वर्गातील माणसे व्यवहारी आणि दुसऱ्या वर्गातील भावनाशील, असे आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु या दोहोंहून निराळा असा एक तिसराही वर्ग आहे. या वर्गातील माणसे जुन्या वस्तूविषयी नुसती हळहळत बसत नाहीत. फडके, पाण्याची बादली आणि पॉलिशपेपर घेऊन ती त्या वस्तूपाशी बसतात आणि तिचे आयुष्य थोडेसे वाढवता येते का, हे आपल्या हातांनी पडताळून पाहतात. रत्नागिरीतील एक निवृत्त मुख्याध्यापक याच वर्गातले. त्यांच्या परसातील फणसाच्या सावलीत, पत्र्याच्या मांडवाखाली एक फिकट निळ्या रंगाची मोटार उभी असे. तिचे नाव प्रीमिअर पद्मिनी.

एके काळी हे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक होते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या धर्तीवर मोटारी तयार होत. फियाटचे ‘अकराशे’ या नावाचे प्रतिरूप इथे काही वर्षे ‘डिलाइट’ म्हणून विकले गेले आणि १९७४ साली त्यालाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. गोल डोळ्यांसारखे पुढचे दिवे, पाठीमागे माशाच्या परांसारख्या किंचित वर उचललेल्या कडा, सुकाणूच्या दांड्यालाच बसवलेला हाताचा गिअर आणि १,०८९ घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन, असा तिचा थाट. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती कित्येक दशके अहोरात्र धावली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली.

मुख्याध्यापकांनी आपली पद्मिनी १९८६ साली घेतली होती. त्या काळी पैसे भरून नाव नोंदवावे आणि गाडी हाती येईपर्यंत दीर्घकाळ वाट पाहावी, अशी रीत होती. त्यामुळे ती दारात आली त्या दिवशी घरात सणासारखा आनंद झाला. तिच्यातून आंबा घाट चढून कोल्हापूरच्या अंबाबाईचे दर्शन झाले. तिच्याच मागच्या आसनावर झोपत मुले लहानाची मोठी झाली. पुढे मुले शिकून दूर गेली. आजोबांचे वय वाढले, तशी पद्मिनी बाजारापुरती आणि समुद्रावरील मांडवीपर्यंतच जाऊ लागली. तिचा रंग विटला, पुढचा बंपर तपकिरी ठिपक्यांनी भरला आणि आसनाच्या रेक्झिनला भेगा पडल्या.

२०२५ सालच्या मे महिन्यात पुण्याचा नातू सुटीसाठी आजोळघरासारख्या लाडक्या या घरी आला. आठवीत जाणारा हा मुलगा चौकस होता. त्याला पोहोचवायला आलेले त्याचे वडील परत निघताना मांडवाखाली क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बाबा, पुढच्या वर्षी हिची नोंदणी पुन्हा वाढवून घ्यावी लागेल. तपासणी आली, खर्च आला. तिची ही अवस्था. मला वाटतं, आता ती भंगारात देऊन टाकावी. महिनाअखेरीला याला न्यायला येईन, तेव्हा काय ते ठरवू.”

आजोबा काहीच बोलले नाहीत. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्याने पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २००१पासून प्रत्येक वेळी आजोबा स्वतः उत्साहाने तिला तपासणीस नेत आले होते. या वेळी मात्र त्यांनी नुसती मान हलवली. ती मान हलवणे नातवाने पाहिले. वडिलांची बस फाटकावरून दिसेनाशी झाली तसा तो म्हणाला, “आजोबा, आपण तिला छान करूया. इतकी छान, की बाबा नाही म्हणूच शकणार नाहीत.”

त्याच संध्याकाळी त्याने वहीच्या पानावर एक यादी तयार केली. लालभडक रंग, बाजूंनी पांढरे पट्टे, चाकांवर चकचकीत झाकणे, खालच्या बाजूने निळे दिवे, मागच्या काचेवर चित्र, अशी ती यादी होती. आजोबांनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली.

“रंग आपल्याला मनास येईल तसा बदलता येत नाही, बरं का,” ते म्हणाले. “नोंदणीच्या पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलायचा, तर परिवहन कार्यालयाला कळवून तशी नोंद करून घ्यावी लागते. आणि निळे दिवे लावून काय होईल? म्हातारीला घुंगरू बांधल्यासारखं होईल. आधी तिचा स्वतःचा रंग तरी पाहू, ये.”

त्यांनी मागची डिकी उघडली. झाकणाच्या आतल्या कडेवर, जिथे ऊन कधी पोहोचले नव्हते, तिथे एक तजेलदार निळा रंग अजून टिकून होता. तो बाहेरच्या विटक्या रंगाशेजारी पाहून मुलाने आपल्या यादीचे पान स्वतःच दुमडून खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झाले. प्रथम स्नान. दोन बादल्या घेतल्या. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी. छतापासून आरंभ करून खाली यायचे, म्हणजे चाकांजवळची रेती वर जाऊन रंगावर ओरखडे पडत नाहीत. दारांच्या खालच्या कडेला लहान लहान भोके असतात. काचेवरून आत झिरपलेले पावसाचे पाणी त्यांतून बाहेर पडते. ती भोके फणसाच्या कुजलेल्या पानांनी बुजलेली होती. आजोबांनी ती खराट्याच्या हिराने मोकळी केली, तेव्हा एका दारातून वाटीभर काळे पाणी गळाले.

“गाडीला गंज बहुधा असा आतून लागतो,” आजोबा म्हणाले. “लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले, की गंज चढतो. आपल्याकडे समुद्राचा वारा मीठ घेऊन येतो. मीठ ओलावा धरून ठेवतं आणि गंजण्याची क्रिया वाढवतं. म्हणून घाटावर जी गाडी चाळीस वर्षं टिकते, तिला इथे जास्त जपावं लागतं.”

रंगाचे काम मुलाला सर्वांत आवडले. उन्हाने रंगाचा वरचा पापुद्रा मृत होऊन पांढुरका दिसू लागतो. परंतु त्याखालचा रंग पुष्कळदा शाबूत असतो. रबिंग कंपाउंड या बारीक कणांच्या लुकणाने तो मृत थर हलकेच घासून काढायचा असतो. मुलाने मऊ फडक्याने हातभर जागा घासली आणि फडके निळे झालेले पाहून तो घाबरला. आजोबा हसून म्हणाले, “जुन्या गाड्यांना वरून काचेसारखा थर नसे, म्हणून रंग फडक्याला लागतो. भिऊ नकोस, पण जोरही लावू नकोस. कडांवर तर रंग अगदीच पातळ असतो. तिथे बोटाला जाणवेल इतकंच घासायचं.” चार दिवस सकाळचे दोन-दोन तास हे काम चालले. वर मेणाचा हात फिरवल्यावर मडगार्डवर फणसाच्या फांद्यांचे प्रतिबिंब दिसू लागले. ते दाखवण्यासाठी मुलाने आजीला स्वयंपाक टाकून बाहेर यायला लावले.

बंपरसाठी आजीच्याच स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद आला. लोखंडी बंपरवर निकेलचा आणि त्यावर क्रोमिअमचा अतिशय पातळ मुलामा असतो. त्याला सूक्ष्म छिद्रे पडली, की त्यांतून पाणी लोखंडापर्यंत जाते आणि गंजाचे ठिपके वर येतात. ॲल्युमिनियम क्रोमिअमपेक्षा मऊ असल्यामुळे त्याने घासले तरी मुलाम्याला ओरखडा पडत नाही. गंज तेवढा निघून येतो. कागदाचा बोळा पाण्यात बुडवून मुलगा घासू लागला आणि तपकिरी पाण्याखालून आरशासारखा पट्टा उघडा पडला. काही ठिकाणी मुलामाच उडून गेला होता. तिथे अर्थातच उपाय चालेना. “जे गेलं ते कागदाने परत येत नाही,” असे म्हणून आजोबांनी त्या जागांवर मेण लावले, म्हणजे निदान पुढचे पाणी अडेल.

आसनाची भेग शिवण्यासाठी दाभण आणि मेण लावलेला दोरा घेतला. मुलाचे टाके पहिल्यांदा वेडेवाकडे आले. ते उसवून त्याने पुन्हा घातले. तेव्हा त्याला शेजारीच एक जुनी, सरळ कापलेली आणि कोणीतरी पूर्वी शिवलेली जागा दिसली. ती कशाची, हे विचारताच आजोबा मिस्किलपणे म्हणाले, “ते तुझ्या बाबांना विचार.”

सर्वांत बिकट काम गंजाच्या फोडांचे होते. डाव्या दाराच्या खालच्या बाजूस रंग फुगून आला होता. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते, म्हणून ते वरच्या रंगाला उचलून धरते. मुलाला तो फोड बारीक वाटला. परंतु खरवडणीने खरवडू लागताच रुपयाएवढा डाग तळहाताएवढा झाला. “थांबू नकोस,” आजोबा म्हणाले. “चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडायचं. वरून लुकण भरून रंग दिला, तर आज सुरेख दिसेल. पण गंज आतल्या आत पसरतच राहील.” भरड कागदाने घासून झाल्यावर त्यांनी त्या जागेला तांबड्या प्रायमरचा हात दिला. तो वाळल्यावर लुकणाचे पातळ थर दिले. एकच जाड थर दिला तर तो पुढे तडकतो. मग चारशे आणि सहाशे नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून जागा इतकी गुळगुळीत केली, की डोळे मिटून हात फिरवला असता जोड कळेना. आजूबाजूला वर्तमानपत्राचे कागद चिकटवून, कोरडी सकाळ पाहून रंग मारला. हवेत दमटपणा अधिक असला, तर रंगावर पांढरट झाक येते, हे आजोबांनी पूर्वी एकदा नुकसान सोसून शिकून घेतले होते.

रंग वाळला, तेव्हा ती जागा इतर दारापेक्षा किंचित उजळ दिसू लागली. मुलाचा चेहरा उतरला. आजोबा म्हणाले, “दुकानदाराने आपल्या गाडीशी ताडून रंग दिला, पण चाळीस वर्षांचं ऊन तो कुठून देणार?”

महिना संपायला तीन दिवस उरले होते. आता केवळ आतली सफाई बाकी होती. मुलाने पुढच्या डाव्या आसनाखालची जाड रबरी चटई ओढली. ती ओली आणि जड होती. तिच्याखालचा पत्रा त्याने झाडूने पुसला, तो झाडूचे हीर आरपार गेले. पत्र्याचा एक तुकडा खाली पडला आणि त्या भोकातून अंगणातील तांबडी माती दिसू लागली. भोक वहीच्या पानाएवढे होते. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन त्यातून पाणी झिरपत होते आणि चटई ते पाणी स्पंजासारखे धरून ठेवत होती.

मुलगा बराच वेळ तसाच बसून राहिला. त्याने आजोबांना हाक मारली. आजोबाही वाकून पाहत उभे राहिले. शेवटी मुलगा हळू आवाजात म्हणाला, “आजोबा, आपण नवी चटई घालूया ना. बाहेरून एवढी छान झाली आहे. बाबांना काही कळणारसुद्धा नाही.”

आजोबा लगेच रागावले नाहीत. ते उंबऱ्यावर टेकले आणि म्हणाले, “या आसनावर कोण बसतं?”

“आजी बसते.”

“या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. तळ, बाजूचे उंबरठे आणि छत एकमेकांना जोडून तिचा सांगाडा झाला आहे. तळ गेला म्हणजे नुसतं भोक पडलं, असं नाही. तिचं हाडच गेलं. आसनाचे स्क्रू याच पत्र्याला धरून आहेत.”

मुलाने मान खाली घातली. काही वेळाने आजोबाच पुन्हा बोलू लागले. परंतु या वेळी त्यांचा आवाज शिक्षकाचा नव्हता. “तुला एक सांगतो. ही चटई ओली राहते, हे मला गेल्या दोन पावसाळ्यांपासून ठाऊक आहे. रोज मनात येई, उचलून पाहावं. पण उचलली नाही. खाली काय असेल, याची कल्पना होती. ते पाहिलं असतं, तर हिला ठेवायची की नाही, याचा निर्णय करावा लागला असता. तू आज चटई घालूया म्हणालास. मी ती दोन वर्षं घालूनच बसलो होतो आणि शेजारी तुझ्या आजीला बसवून बाजारात जात होतो.”

एवढे बोलून ते उठले. ओली चटई त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढली आणि कुंपणाच्या जांभ्या चिऱ्यांवर वाळत टाकली. ती पुन्हा आत घातली गेली नाही.

वडील आले त्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन मांडवात आले होते. ते फाटकातच थबकले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवरून हात फिरवला, बंपरमध्ये आपला चेहरा पाहिला. “हे तुम्ही दोघांनी केलं?” त्यांच्या आवाजातील कौतुक लपत नव्हते. मुलाला वाटले, आता काहीच बोलू नये. आपण ज्यासाठी महिनाभर राबलो, ते साध्य झाले आहे. आजोबा एका बाजूला उभे होते. ते काहीच सुचवीत नव्हते. क्षणभर असाच गेला. मग मुलाने डावे दार उघडले आणि म्हटले, “बाबा, आधी हे पाहा.”

वडील गुडघ्यांवर बसले. खिशातील किल्लीने त्यांनी भोकाच्या कडा ठोकून पाहिल्या. आणखी एक तुकडा खाली पडला. मग त्यांनी बाजूचा उंबरठाही ठोकला. त्याचा आवाज मात्र भरीव आला. उठताना त्यांचे लक्ष मागच्या आसनावरील नव्या टाक्यांकडे गेले, आणि त्यांच्या शेजारच्या जुन्या टाक्यांकडेही.

“हे मी पाचवीत असताना कापलं होतं,” ते म्हणाले. “पेन्सिलीचं पातं किती धारदार आहे, ते पाहत होतो. तीन दिवस त्यावर दप्तर ठेवून बसलो, कोणाला दिसू नये म्हणून.” ते आजोबांकडे पाहून हसले. “बाबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी दाभण आणून माझ्या हातात दिली.”

नंतर त्यांनी आपला निर्णय सांगितला. उत्तम कारागिराकडून सबंध तळ तपासून घ्यायचा. उंबरठे शाबूत असतील, तर गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा. नसतील, तर गाडीला निरोप द्यायचा आणि त्या वेळी कोणी हट्ट करायचा नाही. तपासणी होईपर्यंत आपणहून तिला रस्त्यावर काढायचे नाही. आजोबांनी ते मान्य केले. मुलानेही केले, मात्र त्याला थोडा वेळ लागला.

कारागिराने गाडी उचलून खालून पाहिली. उंबरठे टिकाऊ निघाले. उजव्या बाजूचा तळही एके ठिकाणी पातळ झालेला आढळला, तोही बदलावा लागला. पावसाळा संपता संपता नवा पत्रा जोडून झाला, त्याला तांबडा प्रायमर आणि खालून डांबरी लेप बसला, काचेचे रबर बदलले. या कामाला जो खर्च आला, त्यात मेण, पॉलिशपेपर आणि रंग यांचा वाटा अगदीच अल्प होता.

दिवाळीच्या सुटीत नातू पुन्हा रत्नागिरीस आला. आजोबा, आजी, वडील आणि तो असे चौघे पद्मिनीतून मांडवीला गेले. सूर्य मावळतीला टेकला होता आणि वाऱ्यातून खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार येत होते. दाराच्या खालचा तो उजळ डाग उन्हात अधिकच उठून दिसत होता. घरी परतताच मुलाने बादली भरली आणि मीठ वाळण्यापूर्वी गाडी धुऊन काढली. त्यानंतर, कोणी काही न सांगता, त्याने पुढची नवी चटई उचलून खालच्या पत्र्यावरून तळहात फिरवला. पत्रा कोरडा होता. चटई तशीच दारावर टाकून तो आत गेला.